कान अधू, अंग धडधाकट

एखादे मूल जन्मापासून ऐकत नाही. ऐकत नाही म्हणून ते बोलायला शिकत नाही. मग लोक त्याला मुका म्हणतात. खरे पाहता त्याची जीभ धड असते. कानावर शब्दच पडला नाही, तर तो जिभेवर येणार कुठून? अशा मुलाला कर्णबधिर म्हणावे. शब्द जरा जड आहे, पण खरा आहे.

लोकांची आणखी एक समजूत असते. कान गेले म्हणजे अंगातली ताकदही कमी, असे ते धरून चालतात. मग आई त्याला खेळायला सोडत नाही. शाळेत कवायतीच्या तासाला त्याला झाडाखाली बसवतात, बाकीच्या पोरांच्या चपला राखायला. वर्षानुवर्षे असे बसवून ठेवले तर कोणाचेही अंग जड होईल. आणि मग लोक म्हणतात, पाहा, आम्ही सांगत नव्हतो?

हरियाणात वीरेंदर सिंग नावाचा पैलवान आहे. त्याला ऐकू येत नाही. कर्णबधिर लोकांचे जगाचे खेळ होतात, त्यांची सुरुवात १९२४ साली पॅरिस शहरात झाली. त्या खेळांत वीरेंदरने २००५, २०१३ आणि २०१७ साली कुस्तीचे सोन्याचे पदक मिळवले. २०२१ साली सरकारने त्याला पद्मश्री दिली. त्याला लहानपणी कोणी चपला राखायला बसवले असते, तर हे झाले असते का?

तेव्हा मुलाच्या अंगात ताकद किती, दम किती, चपळाई किती, हे अंदाजाने बोलू नये. मोजून पाहावे. आता शाळांतून अशी मोजणी होते. २०१९ साली सरकारने फिट इंडिया ही चळवळ सुरू केली. तिच्या मोजणीत ९ वर्षांवरच्या मुलांना ५० मीटर जोरात पळवतात. ६०० मीटरची दौड घेतात. जोर काढायला लावतात. पाय लांब करून बसवतात आणि पुढे वाकायला सांगतात. उंची आणि वजन तर घेतातच.

मोजणी चांगली आहे. पण ती कानाने घ्यायची की डोळ्याने, यात सगळी मेख आहे.

५० मीटरची शर्यत घ्या. गुरुजी मागे उभे राहून शिटी वाजवतात. ऐकणारी पोरे सुटतात. आपले पोर काय करते? शेजारचा पळाला हे पाहते, आणि मग पळते. यात अर्धा सेकंद गेला असे धरा. जे पोर ८ सेकंदांत ५० मीटर पळते, ते अर्ध्या सेकंदात ३ मीटर जाते. म्हणजे त्याला ३ मीटर मागून सोडल्यासारखे झाले! वहीत मात्र लिहिले जाते, पाय मंद. पाय कुठे मंद होते? शिटी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. एक लाल रुमाल घ्यावा. गुरुजींनी पुढे, जरा बाजूला, मुलाला मान न वळवता दिसेल असे उभे राहावे. रुमाल वर धरावा, आणि झटकन खाली आणावा. घड्याळ धरणाऱ्यानेही रुमालावरच घड्याळ सुरू करावे. सगळ्याच मुलांना रुमालाने सोडावे, म्हणजे सगळ्यांना सारखाच न्याय मिळेल. मोठ्या खेळांतही असेच करतात, तिथे दिवा लावतात. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये दक्षिण आफ्रिकेचा टेरेन्स पार्किन दिव्याच्या इशाऱ्यावर पाण्यात उडी घेत होता. तो कर्णबधिर. ऐकणाऱ्यांच्या शर्यतीत त्याने चांदीचे पदक घेतले.

दम मोजायची आणखी एक रीत आहे. २० मीटरवर दोन रेघा आखतात. यंत्रातून टोला पडतो. प्रत्येक टोल्याच्या आत पलीकडची रेघ गाठायची. टोले हळूहळू लवकर लवकर पडू लागतात. ज्याला टोलाच ऐकू येत नाही, त्याने काय करावे? दोन्ही रेघांवर एकेक माणूस उभा करावा. टोला पडला की त्याने हात खाली आणावा. नाहीतर एक ऐकणारा गडी मुलाच्या शेजारून पळवावा. ६०० मीटरच्या दौडीतही आपण ओरडून सांगतो, एक फेरी राहिली रे! ते बोटाने दाखवावे. नाहीतर पोर पहिल्याच फेरीत सगळा दम घालवून बसते.

समजावून सांगताना घाई करू नये. मुलाकडे तोंड करून बोलावे. ऊन त्याच्या डोळ्यांवर येऊ देऊ नये. (ओठ झाकणाऱ्या मिशा असतील तर बोलणे दुसऱ्याने करावे, हे आम्ही थट्टेने म्हणत नाही.) खुणांची भाषा येणारा कोणी असेल तर फारच उत्तम. मुलाने मान डोलावली म्हणजे त्याला समजले, असे धरू नये. पुष्कळ मुले नुसती लाजेखातर मान डोलावतात. आधी करून दाखवावे, मग त्याच्याकडून एकदा करून घ्यावे. ही खेप मोजू नये. पुढची मोजावी.

आता एक गोष्ट मात्र खरोखर कानाशी जोडलेली आहे. ती म्हणजे तोल. आपल्या कानाच्या आत, खोल हाडात, ऐकण्याचा भाग असतो. त्याला लागूनच तीन बारीक वाकड्या नळ्या असतात. त्यांत पाणी असते. डोके हलले की पाणी हलते आणि मेंदूला कळते, आपण कुठे कललो. काही मुलांचे ऐकणे गेले तरी या नळ्या शाबूत राहतात. त्यांचा तोल उत्तम असतो. पण मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा ताप येऊन गेला असेल, किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधाने अपाय झाला असेल, तर दोन्ही बिघडू शकतात. अशी काही मुले लहानपणी उशिरा मान धरतात आणि उशिरा चालतात.

हे असे पाहावे. मुलाला पाय जुळवून उभे करावे. आधी डोळे उघडे, मग मिटलेले. डोळे मिटले की त्याला आपल्या खुणा दिसणार नाहीत. म्हणून आधीच ठरवावे की खांद्यावर थाप पडली की डोळे उघडायचे. एका माणसाने धरायला जवळच उभे राहावे. डोळे उघडे असताना ताठ उभे राहणारे मूल डोळे मिटताच कलंडू लागले, तर त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यावे. तोल सरावानेही बराच सुधारतो. रेघेवरून चालणे, एका पायावर उभे राहणे, लंगडी खेळणे, हे रोज थोडे थोडे करून घ्यावे. डोक्यात ऐकण्याचे यंत्र शस्त्रक्रियेने बसवले असेल, तर कुस्तीआधी डॉक्टरला विचारावे, कारण डोक्याला मार लागता उपयोगी नाही.

आणि विहिरीचे लक्षात ठेवा. ज्याच्या कानातल्या नळ्या बिघडल्या आहेत, त्याला जमिनीवर डोळे सांभाळून घेतात. पण गढूळ पाण्यात बुडी मारली की डोळ्यांना काही दिसत नाही. वर कुठे आणि खाली कुठे, हेच त्याला कळेनासे होते. तो वर यायच्या ऐवजी खाली जाऊ शकतो, आणि त्याला मारलेली हाक त्याला ऐकूही येत नाही. त्याला पोहायला अवश्य शिकवावे, पण कमरेइतक्या स्वच्छ पाण्यात, दिवसाउजेडी, आणि पोहणारा माणूस हाताशी ठेवून.