गोधडी

दरवर्षीं जून महिन्यांत वसतिगृहांत नवे विद्यार्थी येतात. त्यांच्या ट्रंकेबरोबर एक वळकटी असते व तींत बहुधा आईनें किंवा आजीनें बांधून दिलेली गोधडी असते. चार आठवडे लोटतात न लोटतात तोंच ती गोधडी खाटेखालीं जाते आणि बाजारचें ब्लँकेट वर दिसूं लागतें. कारण विचारलें असतां गेल्या वर्षीं एका मुलानें खालीं मान घालून सांगितलें, "चिंध्यांची आहे, सर." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु चिंध्यांची ही वस्तु कशी तयार होते, हें त्यास कोणीं सांगितलेलें दिसलें नाहीं. म्हणून हा लेख.

जिला आपण गोधडी म्हणतों, तिला कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात, आणि उत्तर कर्नाटकांत कौदी. संस्कृतांतील कंथा ती हीच. बंगालमधील कांथाहि तिचीच बहीण. गाडगेबाबांस (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत, तें त्यांच्या अंगावरील अशाच ठिगळांच्या वस्त्रामुळें. रजईंत कापूस भरलेला असतो. गोधडींत तो मुळींच नसतो. लुगडीं, धोतरें, सदरे, लहान बाळाचीं झबलीं असें जुनें कापड थरावर थर घालून शिवलेलें असतें. कोरें कापड घेऊं नये असें नाहीं. परंतु वर्षानुवर्षें धुवून मऊ झालेल्या सुती लुगड्याची सर त्यास येत नाहीं.

सुगी उरकली व पावसास अवकाश असला म्हणजे हें काम निघतें. नऊवारी लुगडें सुमारें आठ मीटर लांब असतें; त्याच्या चार घड्या केल्या कीं दोन-दोन मीटर लांबीचे चार थर होतात, आणि एका माणसास पांघरण्यास तेवढी लांबी पुरते. जणूं लुगडें विणणारानें पुढची गोधडी मनांत धरूनच माप घेतलें होतें! फाटके तुकडे मधल्या थरांत जातात, धड असतील ते वर येतात. ओसरीवर किंवा अंगणांत हें सर्व पसरून हातानें सुरकुत्या काढावयाच्या, कडांवर दगड किंवा जड भांडीं ठेवावयाचीं, लांब लांब टांके घालून थर जागच्या जागीं बसवावयाचे, आणि मग कडेपासून धांवदोरा धरावयाचा. चारी बाजूंनीं एक फेरा, त्याच्या आंत दुसरा, त्याच्या आंत तिसरा, असे चौकोन लहान होत होत शिवण मध्यावर येऊन थांबते.

या रीतीचा एक लाभ असा कीं, चौघीजणी चार बाजूंस बसून एकाच वेळीं शिवूं शकतात. आज हिच्या अंगणांत, तर उद्यां तिच्या. कोणी मजुरी देत नाहीं, कोणी मागत नाहीं. पण कोण कोणाकडे आली होती हें सर्वांच्या पक्कें ध्यानांत असतें. नव्या सुनेची सुई प्रथम येथेंच सरळ चालूं लागते.

आतां गणिताच्या तासाप्रमाणें थोडा हिशेब करूं. गोधडी २०० सेंटिमीटर लांब व १२० सेंटिमीटर रुंद आहे, आणि शिवणीच्या दोन ओळींत २ सेंटिमीटर अंतर आहे, असें धरा. क्षेत्रफळास अंतरानें भागलें म्हणजे शिवणीची एकूण लांबी सुमारें १२,००० सेंटिमीटर, म्हणजे १२० मीटर येते. एक टांका एक सेंटिमीटराचा धरला तर बारा हजार टांके झाले. तेहि चार-सहा थरांतून सुई ओढून! हात अखेरीस ठणकूं लागतो, तो उगाच नव्हे.

ऊब कोठून येते, हेंहि पाहण्यासारखें आहे. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीं. थरांच्या मध्यें हवा अडकून राहते; हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळें अंगाची ऊब बाहेर पडूं शकत नाहीं. दाट शिवणीमुळें थर सरकत नाहींत व हवेचे लहान लहान कप्पे कायम राहतात.

ही विद्या महाराष्ट्रापुरतीच नाहीं. उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, यल्लापूर या बाजूस सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांपैकीं पुष्कळांस पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतून गुलाम करून गोव्यास आणलें होतें. कित्येक तेथून निसटून घाटांतील रानांत आले. त्यांच्यांत हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि तिन्ही घरच्या स्त्रिया कडेपासून मध्याकडे येणाऱ्या शिवणीची 'कवंदी' शिवतात. चारी कोपऱ्यांस घडीवर घडी घातलेले तुकडे लावतात, त्यांस 'फुला' म्हणतात. फुलांवांचून कवंदी उघडीनागडी राहिली, असें त्या मानतात. ख्रिस्ती घरच्या कवंदीवर कधीं कधीं क्रूसहि शिवलेला आढळतो.

आतां अडचण आली आहे ती सुईची नसून कापडाची. हल्लींच्या पुष्कळशा साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या घाम शोषीत नाहींत आणि सुईखालीं निसटतात. नऊवारी नेसणाऱ्या आज्याहि घरोघरीं उरल्या नाहींत. यंत्रावर शिवलेल्या गोधड्या शहरांतील दुकानांत मिळतात व कांहीं सुंदरहि असतात. पण त्यांत आपल्या घरचें कापड नसतें, हें उघड आहे.

त्या मुलास मीं गोधडी खाटेवर पसरावयास सांगितलें. स्वतःचें झबलें त्यानें ओळखलें. वडिलांचा रेघांचा सदराहि ओळखला. एका फाटक्या कडेंतून डोकावणारें हिरवें कापड मात्र त्यास ठाऊक नव्हतें. नवरात्रापूर्वीं घरोघरच्या गोधड्या नदीवर धुण्यास नेतात, तेव्हां आपलीहि न्यावी म्हणून तो ती घेऊन दोन दिवस घरीं गेला, आणि आजीला विचारून आला. गोधडी विरली म्हणजे टाकून देत नाहींत; तिच्यावरच नवे थर घालून पुन्हा शिवतात. त्याच्या गोधडीच्या आंत आजीच्या सासूनें शिवलेली एक सबंध गोधडी होती, आणि तें हिरवें लुगडें तिचें होतें.