चौदा वर्षांचा हात आणि दहा तासांची शिकवणी

माझे वडील कुंभार्ली घाटातून चौदा वर्षे टेम्पो चालवीत. कऱ्हाडच्या बाजारात भाजी भरायची आणि उजाडायच्या आत चिपळुणात उतरवायची, हा त्यांचा नेम. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, असे आई शेजारणींना अभिमानाने सांगे. तेच माझे वडील दुबईत वाहन चालविण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. दुसऱ्या खेपेस नापास झाले त्या रात्री फोनवर म्हणाले, "अगं, तू मानसशास्त्र घेतलंयस ना? मग सांग, चौदा वर्षं मी काय करत होतो?"

ही गोष्ट २०२२ सालची. मी तेव्हा बारावीत होते आणि मानसशास्त्राची तोंडओळख नुकतीच झाली होती. त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. आता तृतीय वर्षात ते देण्याचा प्रयत्न करीत आहे.

आधी नियम पाहू. परक्या देशात कायम राहायला गेलेल्या माणसाचा मायदेशातील परवाना किती मानायचा, हे प्रत्येक देश आपल्यापुरते ठरवितो. संयुक्त अरब अमिरातींनी काही देशांची यादी केली आहे. त्या देशांच्या नागरिकांना जुना परवाना दाखवून नवा मिळतो. भारत त्या यादीत नाही. मात्र भारतीय चालकाला अगदी नवशिक्याच्या रांगेतही बसवीत नाहीत. दुबईत नवशिक्याला प्रत्यक्ष गाडीवर २० तास शिकावे लागते. दोन ते पाच वर्षांचा जुना परवाना असेल तर १५ तास आणि पाच वर्षांहून जुना असेल तर १० तास. सवलत एवढीच. वाहतुकीच्या नियमांची परीक्षा, गाडी उभी करण्याची परीक्षा आणि शेवटची रस्त्यावरची परीक्षा यांतून कोणाचीच सुटका नाही. नापास झाल्यास पुन्हा तास, पुन्हा पैसे. शिकवणी न घेता एकदाच परीक्षा देऊन पाहण्याची मुभा तेथे २०२३ साली मिळू लागली. बाबांच्या वेळी ती नव्हती.

बाबा एका दुकानपुरवठ्याच्या कंपनीत मदतनीस म्हणून गेले होते. परवाना मिळाला की व्हॅनचा ड्रायव्हर करू, पगार वाढवू, असे ठरले होते. शिकवणीचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या. प्रत्येक नापाशीचा अर्थ आमच्या घरात काय होता हे यावरून ध्यानात यावे.

दहा तासांचा आकडा मला ओळखीचा वाटला म्हणून शोध घेतला. आपल्याकडील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटार ड्रायव्हिंग स्कूलने खाजगी वाहनाच्या शिकाऊ चालकाला किमान २१ दिवस आणि किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवायला द्यावी, असे म्हटले आहे. व्यावसायिक वाहनासाठी ३० दिवस आणि १५ तास. म्हणजे तेथे जुन्या चालकाला जेवढे तास देतात तेवढ्यात येथे नवा चालक तयार होतो! तेही ड्रायव्हिंग स्कूलचे तोंड पाहिले असेल तर. बाबांनी ते पाहिलेच नव्हते. वयाच्या सतराव्या वर्षी ते ट्रकवर क्लीनर म्हणून लागले. उस्तादाला झोप आली की स्टिअरिंग हाती येई. शिव्या आणि चहा हीच त्यांची शिकवणी. परवान्यावर वर्षे लिहिलेली असतात, ती कशी गेली हे लिहिलेले नसते.

आता मानसशास्त्राकडे येते. एक गोष्ट शिकल्याने दुसरी शिकणे सोपे किंवा अवघड होते, याला आपण अध्ययनाचे संक्रमण म्हणतो. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ साली मांडले की, दोन कामांत जेवढे घटक समान असतील तेवढेच संक्रमण होते. बाबांचे अनेक घटक समान होते. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम दोन्हीकडे तोच. वेगाचा अंदाज, पुढच्या गाडीपासूनचे अंतर, न घाबरणे, हे सारे त्यांच्याबरोबर विमानातून गेले. तेवढ्यापुरते दहा तास वाचविणे योग्यच आहे.

पण परिस्थिती बरीचशी सारखी आणि हवी असलेली कृती मात्र उलट असली की जुने शिक्षण आडवे येते. याला ऋण संक्रमण म्हणतात. तेथे गाडी रस्त्याच्या उजवीकडून जाते आणि स्टिअरिंग डाव्या हाताला असते. गिअर बदलायला बाबांचा डावा हात जाई तो दारावर आपटे. इंडिकेटर द्यायला जावे तर कोरड्या काचेवर वायपर फिरू लागे. हे हसण्यासारखे होते आणि तीन-चार दिवसांत गेलेही, कारण हाताची चूक लगेच कळते.

डोळ्याची चूक कळत नाही. आपल्याकडे चौकातील वर्तुळाला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळसा घालतात आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देतात. तेथे वळसा उलटा, आणि आधी जाऊ द्यायचे ते डावीकडून येणाऱ्याला. पहिल्या परीक्षेत बाबांनी वर्तुळाशी येताच उजवीकडे पाहिले, रस्ता मोकळा दिसला आणि त्यांनी गाडी घातली. डावीकडून गाडी येत होती. शेजारी बसलेल्या परीक्षकाने ब्रेक दाबला. "मी बघितलं होतं गं," असे बाबा पुनःपुन्हा म्हणत. पाहिले होते हे खरेच, फक्त चौदा वर्षांच्या बाजूला पाहिले होते.

दुसरी नापाशी मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. तिच्यात डाव्या-उजव्याचा संबंधच नव्हता. पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी एक बाई उभ्या होत्या. बाबांनी वेग कमी केला, हलकेच हॉर्न दिला आणि पुढे गेले. कुंभार्लीच्या वळणावर हॉर्न देणे हा शहाणपणा आहे, सौजन्यही आहे. न देणारा तेथे बेजबाबदार ठरतो. दुबईत त्याच हॉर्नचा अर्थ 'बाजूला व्हा' असा झाला. तेथे थांबायचे होते. बाबांची ही चूक हाताची नव्हती, डोळ्याचीही नव्हती. रस्ता कोणाचा, या समजुतीची होती.

म्हणूनच केवळ बाजू सारखी असून भागत नाही. जपानमध्ये आपल्याप्रमाणेच गाड्या डावीकडून चालतात. तेथे परदेशी परवानाधारकाला शिकवणीची सक्ती नाही, पण ज्ञानाची आणि प्रत्यक्ष चालविण्याची चाचणी द्यावी लागते. ऑक्टोबर २०२५ पासून ती कडक झाली आहे. पूर्वी १० प्रश्नांपैकी ७ बरोबर आले की पुरे, आता ५० पैकी ४५ लागतात. जर्मनीत आपल्या परवान्यावर पहिले सहा महिने गाडी चालविता येते. त्यानंतर शिकवणीची अट माफ, पण लेखी व प्रत्यक्ष या दोन्ही परीक्षा द्यायच्याच. कोठे, कसे, किती तास शिकलात ते विचारीत नाहीत. येते का, एवढे दाखवा म्हणतात. तत्त्व म्हणून मला हे दुबईच्या तासमोजणीपेक्षा पटते. पण ज्याच्या चुका त्याला स्वतःला दिसत नाहीत, त्याने शिक्षकावाचून त्या शोधाव्यात कशा, हा प्रश्न उरतोच.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सारा देशच डावीकडून उजवीकडे नेला. सुरुवातीला अपघात वाढले नाहीत, उलट कमी झाले. पुढे ते पूर्वपदावर आले. त्या दिवशी सगळेच नवखे होते आणि सगळेच जपून होते. बाबा सरावलेल्यांच्या गर्दीत एकटे नवखे होते.

माझी तक्रार दहा या आकड्याबद्दल नाही, त्या दहा तासांत काय केले याबद्दल आहे. बाबांना पहिल्या चार तासांत गाडी चालू करणे, थांबविणे आणि क्लच हळू सोडणे शिकविले गेले. क्लच! घाटात भरलेला टेम्पो चढणीवर धरून ठेवणाऱ्या माणसाला! नवशिक्याचाच अभ्यासक्रम अर्धा कापून दिला होता. खरे तर पहिल्या तासाला शिक्षकाने काही न बोलता शेजारी बसावे, चालकाची मान कोठे वळते आणि बोट हॉर्नवर कधी जाते ते टिपावे, आणि उरलेले नऊ तास फक्त त्यावर खर्चावेत.

तिसऱ्या खेपेपूर्वी बाबांना दुसरे शिक्षक मिळाले. ते मलबारकडचे होते आणि स्वतःही कधीकाळी नापास झालेले होते. त्यांनी बाबांना प्रत्येक कृती मोठ्याने बोलायला लावली. "डावीकडे बघतो, आरसा बघतो, खांद्यावरून मागे बघतो." खोलीतले सोबती सांगत की बाबा झोपेतही हे बडबडत. सवय एकदा शब्दांत आली की मोडता येते, हे आम्ही वर्गात पुढे शिकलो. त्या गृहस्थांना ते आधीच ठाऊक होते. त्या खेपेस बाबा उत्तीर्ण झाले. पाटल्या सुटायला आणखी आठ महिने लागले.

२०२४ च्या गणपतीला बाबा दोन वर्षांनी घरी आले. चिपळूण स्टेशनवर काका टेम्पो घेऊन आले होते. बाबा सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेले, दार उघडले, आत स्टिअरिंग नव्हते. आम्ही सगळे हसलो. त्यांनी काकांकडे पाहिले आणि म्हणाले, "तूच चालव. मी दोन दिवस शेजारी बसतो." बहादूरशेख नाक्यापर्यंत ते पुटपुटत होते, "उजवीकडे बघतो, उजवीकडे बघतो."