मने, आधी कागद परत ठेवून बघ

मने, तू पाठवलेलं चित्र काल रात्री मोठं करकरून बघितलं. हँगिंग फाईलचा आकार छान उतरलाय, रंगही डोळ्यांना शांत वाटतात. कॉलेजात कौतुक होईल तुझं. पण ‘ताई, खरं सांग हं’ असं तूच लिहिलंयस, म्हणून सांगते. चित्रातली फाईल रिकामी आहे गं. तिच्यात कागद नाहीत आणि घाईत ती उघडणारा हातही कुठे दिसत नाही.

एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये काढली मी. फाईल काढताना माणूस सहसा चुकत नाही, कारण तेव्हा त्याला ती हवी असते, तो नीट शोधतो. घोळ होतो तो परत ठेवताना. खिडकीशी रांग, वॉर्डातून फोन, एका हातात रजिस्टर, आणि दुसऱ्या हाताने कागद खणात सरकवायचा. तुझी फाईल त्या दुसऱ्या हातासाठी कर.

पहिल्या नोकरीतली एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. खेडकडच्या एका वाडीतून एक आजी एसटीने यायच्या. मुलाच्या अपघाताच्या क्लेमसाठी त्यांना केस पेपरची नक्कल हवी होती. रजिस्टरला नोंद होती, खणात फाईल नव्हती. तीन खेपा झाल्या त्यांच्या. चौथ्यांदा आल्या तेव्हा मी खण पूर्ण रिकामा केला. तळाशी ती फाईल आडवी पडली होती, तिच्यावर बाकीच्या फायलींची पोटं टेकलेली. एका बाजूचा आकडा पट्टीवरून निसटला असणार, मग दुसऱ्या बाजूचाही. तिथेच आणखी चार फायली सापडल्या, ज्यांच्यासाठी कोण कोण फेऱ्या मारून गेलं असेल देव जाणे. आजी काहीच बोलल्या नाहीत. कागद हातात घेतला आणि कपाळाला लावला. अजून आठवलं की पोटात कालवतं माझ्या.

म्हणून तू सुरुवात आकड्यापासून कर. आपण कागद घालायला फाईल जराशी वर ओढतो, त्या क्षणी तिचं वजन पट्टीवर राहत नाही आणि उथळ आकडा चटकन सुटतो. त्याची खाच खोल कर. टोकाला आत वळलेली छोटी जीभ दे, म्हणजे सरळ वर ओढली तर फाईल अडेल, आणि दोन्ही हातांनी तिरकी केली तरच बाहेर येईल. टोकांवर नायलॉनचं टोपण हवंच. उघडं लोखंड पट्टीवर घासतं, करकरतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात गंज धरतं. गंजलेला आकडा सरकत नाही, मग माणूस हिसका देतो, आणि पुढचं तुला कळलंच.

आता वजनाचं बघ. नेहमीचा 80 जीएसएमचा ए-फोर कागद साधारण 5 ग्रॅमचा. 500 कागदांची रीम अडीच किलोची आणि जवळजवळ 5 सेंटीमीटर जाड. एखाद्या लांबलेल्या केसचे 300 कागद झाले, की चार आकड्यांवर दीड किलो लटकतं. खणात अर्धा मीटर कागद दाबून बसवला तर 25 किलो भरतात. साध्या फाईलचा तळ निमुळता, पातळ गठ्ठ्यासाठी केलेला. कागद वाढले की ते त्या निमुळत्या जागेत चेपत नाहीत, वर चढतात, आणि वरची नावाची चिठ्ठी झाकून टाकतात. तळाला दोन-तीन घड्या आधीच पाडून ठेव, म्हणजे कागद वाढतील तसा तो चौकोनी पसरेल. आतल्या बाजूला एक ठळक रेघ मार आणि लिही, ‘इथवर भरली की दुसरी फाईल’. नवीन लागलेल्या मुलीला कुणी हे सांगत नाही, म्हणून फाईलनेच सांगावं.

चिठ्ठीबद्दल मात्र मला पोटतिडकीने बोलायचंय. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले. गाठ सोडावी तेव्हा आत काय आहे ते कळायचं. कागद खणात उभे ठेवायची पद्धत अमेरिकेतल्या लायब्ररी ब्युरोने 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. उभ्या कागदाची वरची कड तेवढी दिसते, म्हणजे ती इवलीशी चिठ्ठी हाच फाईलचा चेहरा. आणि तिची खिडकी कापलेली असते इंग्रजी अक्षरांच्या मापाने! आपल्याला वर वेलांटी, रफार, मात्रा लागतात, खाली उकार लागतो. आमच्याकडे ‘मूळ कागद’ अशी चिठ्ठी होती. खिडकीत ऊकार कापला जायचा आणि नवीन माणूस ‘मळ कागद’ वाचून माझ्याकडे विचारायला यायचा. रोज देवनागरीत लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचं अक्षर असं तुटलेलं बघावं लागू नये. खिडकीची उंची वाढव, रुंदी कमी झाली तरी चालेल. कागदाची पट्टी बाजूने घसरून पडते, तिला दोन्हीकडे अडसर दे.

ही चिठ्ठी धरणारा टॅब नेहमी पुढच्या पुठ्ठ्यावर बसव. तू तो मागच्या पुठ्ठ्यावर काढलायस. पुढचा टॅब बोटाने आपल्याकडे ओढला की फाईलचं तोंड तिथेच उघडतं, कागद टॅबच्या मागे टाकला की काम झालं. टॅब मागे असेल तर घाईतला हात नावाच्या मागची फट पकडतो आणि कागद शेजारच्या फाईलमध्ये जातो. तो मग वार्षिक तपासणीपर्यंत कुणाला दिसत नाही. आणि ते डावीकडून उजवीकडे पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेले टॅब फोटोत सुरेख दिसतात, पण मध्ये एक नवीन नाव आलं की सगळी पायरी मोडते. सगळे एका रेषेत ठेव. नजर सरळ खाली उतरत जाते.

मापाचं एवढंच, की फुलस्केपच्या खणात दोन पट्ट्यांमधलं अंतर ए-फोरच्या खणापेक्षा जास्त असतं. चुकीची फाईल आणली तर ती लटकतच नाही. कडेवर माप ठसठशीत छापून टाक.

रविवारी ये. बाबांच्या खोलीतल्या कॅबिनेटचा खालचा खण मी रिकामा करते. वरचा नको. वरचा भरलेला खण पूर्ण ओढला की कॅबिनेट पुढे झुकतं. येताना दोन रीम घेऊन ये, तुझ्या फायली त्यांनीच भरू. आईलाही बसवू. सकाळी तिची बोटं आखडलेली असतात. एका हातात फोन देऊन दुसऱ्या हाताने तिच्याकडून वीस कागद परत ठेवून घे, आणि मध्ये बोलू नकोस, नुसती बघत राहा. मॉडेल पुठ्ठ्याचंच चालेल. आकड्यांसाठी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून जुने स्पोक माग, हवे तसे वाकवता येतात.