खोली मोज, मग लेन्स घे

उधना, सुरत

चि. सायली,

तुझा मेसेज वाचला. त्यात सात कॅमेऱ्यांची नावं आहेत आणि लेन्स एकही नाही. दादा म्हणाला, लाखभर रुपये बाजूला काढलेत आणि त्यातले निम्मे तुझ्या शिकवण्यांचे आहेत. म्हणून सविस्तर लिहिते आहे. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ करतेस आणि रात्री पुन्हा यूट्यूब लावून बसतेस.

‘फुल फ्रेम घेऊ की छोटा सेन्सर?’ असं विचारलं आहेस. फोटो कशाचे काढणार, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. तू सुरतेत येऊन काम करणार, आणि इथे आपल्यासारख्याला काम मिळतं ते मुख्यतः तीन ठिकाणी: रिंग रोडच्या मार्केटमधलं साड्यांचं कॅटलॉग, हिऱ्यावाल्यांचं काम, आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यातल्या आपल्या खानदेशी लोकांचे कार्यक्रम. तिन्हींची गरज वेगळी आहे.

मापं एकदा पाठ करून टाक, म्हणजे दुकानदार बोलायला लागला की गोंधळ होणार नाही. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढी. एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, कॅननची त्याहून किंचित लहान. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. क्षेत्रफळ काढलंस तर फुल फ्रेम एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून थोडी जास्त भरते आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट. उजेडाच्या हिशेबात पहिला फरक एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा जास्त, दुसरा जवळजवळ दोन स्टॉपचा. सेन्सरवरून जी भांडणं चालतात ती सगळी या एक-दोन स्टॉपवरून असतात.

आता साडी घे. पदराचा, काठाचा क्लोजअप दोन फुटांवरून काढायचा असतो, आणि शेठला त्यात जर, बुट्टी, चुणीच्या आतला रंग, सगळं स्वच्छ दिसायला हवं असतं. तिथे मागचं धूसर करणारा मोठा सेन्सर उपयोगाचा नाही, उलट नडतो. फुल फ्रेमवर ५० मिलिमीटरची लेन्स एफ ८ ला ठेवून तेवढ्या अंतरावरून फोटो काढला, तर साधारण सात सेंटिमीटरची खोली फोकसमध्ये येते. मायक्रो फोर थर्ड्सवर २५ मिलिमीटरची लेन्स, तेच अंतर, तीच चौकट, तोच एफ ८: खोली दुप्पट. फुल फ्रेमवाल्याला तेवढी खोली हवी तर एफ १६ ला जावं लागतं, म्हणजे चौपट उजेड. तो उजेड आणायला मोठे फ्लॅश लागतात आणि गोडाउनच्या वायरिंगचा भरवसा नसतो. दिवे लावून आयएसओ २०० वर काढलेल्या साडीत कुठला सेन्सर होता, हे मलाही ओळखता येत नाही, शेठला तर नाहीच.

कापडात जो खरा त्रास होतो त्याबद्दल तुझ्या व्हिडिओवाल्यांपैकी कोणी बोलत नाही. बारीक चौकड्याची किंवा घट्ट विणीची जेकार्ड साडी डमीवर लाव आणि फोटो मोठा करून बघ. कापडावर नसलेल्या इंद्रधनुषी लाटा पडद्यावर उठलेल्या दिसतील. याला मॉइरे म्हणतात. विणीची बारीक जाळी आणि सेन्सरच्या पिक्सेलांची जाळी यांची मापं एकमेकांच्या जवळ आली की तिसरीच नक्षी तयार होते. लेन्स जितकी धारदार तितक्या लाटा जास्त. सेन्सर मोठा की लहान यापेक्षा पिक्सेल किती बारीक आहेत आणि सेन्सरसमोर प्रतिमा किंचित मऊ करणारा फिल्टर आहे की नाही, यावर ते ठरतं. आजकालच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत तो फिल्टर नसतो. उपाय फुकटचे आहेत. वीतभर पुढे-मागे हो, कॅमेरा थोडा तिरका धर, नाहीतर एफ ११ ला जा, तिथे प्रतिमा जराशी मऊ पडते आणि लाटा बसतात. फोटो शंभर टक्के मोठा करूनच तपास. लहान पडद्यावर कधी नसलेल्या लाटा दिसतात, कधी असलेल्या लपतात.

काळ्या जॉर्जेटची एक गोष्ट मला फार आवडते. लायकाने २००६ मध्ये एम ८ नावाचा कॅमेरा काढला, लाखोंच्या किमतीचा. त्याच्या सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर अगदी पातळ होता. कृत्रिम धाग्याचं काळं कापड डोळ्याला न दिसणारे ते किरण परत फेकतं, आणि काळे कपडे फोटोत जांभळे यायला लागले. शेवटी कंपनीने गिऱ्हाइकांना लेन्सवर लावायचे फिल्टर फुकट वाटले. ते कापड म्हणजे आपल्या सुरतेचा रोजचा माल! तेव्हा जुना कॅमेरा सेकंडहँड घेशील तर दुकानात काळी सिंथेटिक ओढणी बरोबर ने आणि पहिला फोटो तिचाच काढ.

पूर्ण साडी नेसलेल्या मॉडेलचा फोटो काढताना लेन्स कोण ठरवतं माहीत आहे? खोली. वर-खाली थोडी जागा सोडली तर चौकट दोन मीटर उंचीची लागते. कॅमेरा उभा धरून फुल फ्रेमच्या ५० मिलिमीटरने ती भरायला पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट मागे जावं लागतं. ८५ ने साडेपंधरा फूट. त्यात पडद्यापासून मॉडेल निदान तीन फूट पुढे हवी, नाहीतर सावली पडते, आणि तुझ्या पाठीला दोन फूट. म्हणजे ५० च्या हिशेबाला चौदा फुटांची खोली आणि ८५ च्या हिशेबाला साडेवीस फुटांची. मार्केटच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या बारा फुटांच्या पुढे क्वचित जातात. तिथे तू ती सुप्रसिद्ध पोर्ट्रेट लेन्स नेलीस तर अर्धीच बाई येईल. एपीएस-सीवर ३५ मिलिमीटरची लेन्स जुन्या ५० सारखी चालते आणि २३ ची ३५ सारखी. २३ असेल तर साडेसहा फुटांत काम होतं. फक्त कॅमेरा छातीच्या उंचीवर नको, कमरेच्या उंचीवर धर. एवढ्या जवळून वरून बघितलं की पाय आखूड दिसतात आणि साडीचा घेर मारला जातो.

हिऱ्याचं काम तू लगेच घेशील असं वाटत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा. एकास-एक मॅक्रो लेन्सने फुल फ्रेमवर तो चौकटीच्या उंचीचा पाव भाग भरतो, एपीएस-सीवर चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त, मायक्रो फोर थर्ड्सवर निम्मा. माझी ऑलिंपसची ६० मिलिमीटर मॅक्रो महिधरपुऱ्यात अजून कमावते ती याच हिशेबावर.

मोठा सेन्सर खरा कामाला येतो तो रात्री, आपल्या लोकांच्या घरात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत वीस बाया, एक ट्यूब, देवीभोवती एलईडीच्या माळा. फ्लॅश मारला की माळांचा सगळा रंग जातो आणि जागरणाला बसलेल्या म्हाताऱ्या चिडतात. तिथे तुला स्टॉप हवेत. पण स्टॉप कुठून येतात ते बघ. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किटची झूम लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ ची होते. एफ १.४ ची लेन्स तिच्या सोळापट उजेड घेते, म्हणजे चार स्टॉप. एपीएस-सीवरून फुल फ्रेमवर गेलीस तर एकच स्टॉप आणि वर थोडा मिळतो, आणि त्याला पैसे कितीतरी जास्त पडतात. सगळे पैसे फुल फ्रेमच्या बॉडीत घालून तिला किटची लेन्स लावणारी पोरं मी दर लग्नसराईत बघते. हळदीचे फोटो काळे येतात आणि मग दोष एडिटिंग करणाऱ्याला. एलईडीखाली सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नकोस, पट्टे पडतात. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. मेकॅनिकल शटर १/५० किंवा १/१०० वर ठेव.

‘कॉम्पॅक्ट’ या शब्दावर तू फार भाळलेली दिसतेस. मिररलेसमध्ये आरसा गेला म्हणून बॉडी पातळ झाली, बरोबर आहे. माउंट म्हणजे लेन्स बसते ते तोंड. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते तोंड आणि फिल्म यांत ४६.५ मिलिमीटर अंतर होतं, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ आहे. पण लेन्सला शेवटी सेन्सर झाकेल एवढं वर्तुळ पाडायचं असतं, ते आरसा काढल्याने लहान होत नाही. सोनीची फुल फ्रेमसाठीची २४-७० एफ २.८, नवी आवृत्ती, ६९५ ग्रॅम. सिग्माची एपीएस-सीसाठीची १८-५० एफ २.८ तीनशे ग्रॅमच्या आत. दोन्ही सारख्याच आहेत असं नाही. धूसरपणाच्या हिशेबात सिग्मा फुल फ्रेमच्या एफ ४ च्या आसपास बसते. पण बारा तासांच्या लग्नानंतर ते चारशे ग्रॅम मनगटाला कळतात, आणि तुझं मनगट मी पाहिलं आहे.

आता माझा सल्ला. माझ्याकडे मायक्रो फोर थर्ड्स आहे आणि माझ्या कामाला मी तेच पुन्हा घेईन. तू घेऊ नकोस, एपीएस-सी घे, आणि तेही सोनीच्या ई माउंटचं. कारण तांत्रिक कमी आणि व्यवहाराचं जास्त आहे. ऐन मुहूर्तावर लेन्स बंद पडली तर उसनी मिळते ती आजूबाजूच्यांकडे ज्या माउंटची असते तीच, आणि माझ्या ओळखीतल्या लग्नवाल्यांकडे बहुतेक सोनी आहे. मला वेळेला लेन्स द्यायला इथे जवळपास कोणी नाही. दुसरं म्हणजे कंपन्या माउंट बंद करतात. निकॉन १ हे २०११ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये बंद झालं. कॅननचं ईओएस एम २०१२ मध्ये आलं, ११ वर्षांनी गेलं. दोन्ही लहान, सुबक होती आणि दोन्हींच्या लेन्स त्याच कंपनीच्या पुढच्या मिररलेसवर चढत नाहीत. ई माउंट २०१० पासून आहे, आणि पुढे फुल फ्रेम हवीच झाली तर त्याच तोंडाची मिळते. फुजीच्या एपीएस-सीसाठी बनवलेल्या लेन्स मला जास्त आवडतात, रंगही. पण तू आवडीसाठी घेत नाहीयेस.

बॉडी सेकंडहँड चालेल, निम्म्याहून जास्त पैसे तिच्यावर घालू नकोस. लेन्स एकच आधी: सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४. खोली बारा फुटांची निघाली तर ३० ऐवजी २३. दुसरी लेन्स पहिल्या कमाईतून. उरलेल्या पैशांत दोन चांगले दिवे आणि रंगाचं कार्ड घे. साडीचा रंग चुकला की माल परत येतो आणि शेठ पुन्हा बोलावत नाही. बिल घे, आणि तुझ्याच नावावर. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, पुढे नोंदणी केलीस तर बिलाची सवय कामाला येईल. बिनबिलाचा माल स्वस्त दिसतो आणि दुरुस्तीला गेला की कोणी हात लावत नाही.

सुरतेच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. कपाटात, कातडी पिशवीत ठेवू नकोस. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रता दाखवणारा काटा. तो चाळीस ते पन्नासमध्ये राहू दे. फार कोरडंही नको.

दादासाहेब फाळक्यांचा गोध्र्याला फोटो स्टुडिओ होता, हे तुला माहीत नसेल. त्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणला, आणि लोकांकडे पैसे मागण्याआधी कुंडीत वाटाणा लावून त्याचा वेल उगवताना एकेक फ्रेम टिपला. ती फिल्म बघून कर्ज देणारे पुढे आले. तूही सुरतेत आल्या आल्या मार्केटचे जिने चढू नकोस. आधी नमुने कर. वहिनीच्या कपाटातून तीन साड्या आण: एक काळी जॉर्जेट, एक बारीक चौकड्याची, एक भरपूर जरीची. माझ्या खोलीत, माझ्या दिव्यांत, माझ्याच कॅमेऱ्यावर काढून बघ. कानबाईला ई माउंटची एपीएस-सी बॉडी आणि ३० मिलिमीटर एफ १.४ एका दिवसाच्या भाड्याने आणू, भाडं मी देते. तोवर बयाणा कुठेही देऊ नकोस.

गाडीचं तिकीट कानबाईच्या आदल्या शनिवारचं काढ, रविवारी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नसते. दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी,
आत्या