गेलेली मिनिटं वेगानं भरून काढू नका

देऊळघाटातली काही तरुण मंडळी येत्या हिवाळ्यात टीएसडी रॅलीला नाव नोंदवायच्या तयारीत आहेत. आमच्या घरचा चमू अशा एका रॅलीला जाऊन आला हे कळल्यापासून ती घरी येऊन बसतात आणि पहिला प्रश्न एकच विचारतात, "काकू, गाडी किती पळवावी लागते?" त्या प्रश्नामुळेच हे लिहिते आहे. गाडी पळवण्याशी या खेळाचा संबंध नाही. तो आहे असं समजून जो उतरतो, तो स्वतःबरोबर रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही धोक्यात घालतो.

टीएसडी म्हणजे टाइम, स्पीड, डिस्टन्स. संयोजक तुमच्या हातात रोडबुक देतात. त्यात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असतं, तिथपर्यंतचं अंतर असतं आणि कोणत्या टप्प्यात सरासरी किती वेग राखायचा तेही छापलेलं असतं. या चित्रांना ट्युलिप म्हणतात. नेदरलँड्समध्ये 1949 साली सुरू झालेल्या ट्युलिप रॅलीवरून हे नाव पडलं. गोल ठिपका म्हणजे तुम्ही येता ते टोक आणि बाण म्हणजे जायची दिशा. गाड्या एकेका मिनिटाच्या अंतरानं सुटतात. वाटेत चौक्यांवर वेळ टिपणारे मार्शल बसलेले असतात, पण त्यातले बरेचसे नेमके कुठं आहेत हे आधी सांगत नाहीत. उशिरा पोहोचलात तर दंड होतो. लवकर पोहोचलात तर बहुतेक ठिकाणी त्याच्या दुप्पट. ज्या चमूचा दंड सगळ्यांत कमी, तो पहिला.

आमच्या गाडीत चालवायला भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. शेजारी रोडबुक वाचून वाट सांगणारी, म्हणजे नॅव्हिगेटर, मी, आणि मागच्या सीटवर घड्याळ सांभाळणारा नणंदेचा मुलगा. रॅली विदर्भातल्याच एका शहरातून निघाली होती. दिवाळी होऊन गेलेली, मका निघालेला, आणि खेड्यापाड्यांत लोकांनी दाणे वाळायला डांबरी रस्त्याच्या कडेनं लांबच लांब पसरलेले. आपल्या घाटावरही त्या दिवसांत हेच दिसतं.

सुरुवात चांगली झाली. पहिल्या टप्प्यात आम्ही काही सेकंदच इकडंतिकडं होतो. पुढं एका पानावर मारुतीच्या देवळानंतर डावीकडे वळायचं होतं. देऊळ दिसलं. माझ्या आकड्याप्रमाणे वळण अजून साडेचारशे मीटर पुढं होतं.

"देऊळ आलं ना वहिनी, हेच वळण हाय," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवलीसुद्धा. गावात दोन मारुती होते. आम्ही पहिल्याशी वळलो, एका पांदण रस्त्याला लागलो, आणि पुढं जागाच नसल्यानं शेतात गाडी फिरवून परत मुख्य रस्त्यावर येईपर्यंत सात मिनिटं गेली.

भाऊजींचा हात गाडीवर चांगला बसलेला आहे, राजूरचा घाट ते रात्री-बेरात्री सहज उतरतात. पण सात मिनिटं गेली हे कळताच त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर जड झाला. मागून भाचा ओरडत होता, "मामा, अजून सहा मिनिटं मागं!" दर वेळी तो आकडा सांगायचा आणि दर वेळी काटा थोडा वर सरकायचा. एका वळणापलीकडं अर्धा रस्ता मक्यानं झाकलेला होता. फावड्यानं दाणे खालीवर करणारे एक आजोबा आमच्याकडं पाठ करून उभे होते. ब्रेक लागला, पण कोरड्या दाण्यांवर चाकाला डांबर सापडत नाही. गाडी सरकत गेली आणि आजोबांच्या अलीकडं, अंगावर काटा यावा इतक्या अंतरावर थांबली. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "एवढी कायची घाई हाय वं बाई? हॉर्न वाजवला असता तं मका मीच सरकवला असता." ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. भाच्यानं उतरून त्यांचे विखुरलेले दाणे गोळा करून दिले. मग आम्ही गाडी बाजूला लावून पाणी प्यायलो आणि उरलेली रॅली ठरलेल्या वेगानं केली.

आता हिशेब सांगते, कारण तरुणांना उपदेशापेक्षा हिशेब लवकर पटतो. समजा टप्प्याचा वेग ताशी 36 किलोमीटर आहे. म्हणजे सेकंदाला बरोबर 10 मीटर, किलोमीटरला 100 सेकंद. तुम्ही सात मिनिटं, म्हणजे 420 सेकंद मागं आहात. तुम्ही 60 नं गाडी हाणली तर किलोमीटरला 60 सेकंद लागतील, म्हणजे दर किलोमीटरला 40 सेकंद वाचतील. सगळी उणीव भरून निघायला साडेदहा किलोमीटर लागतील. तोवर चौकी तुमची वाट पाहत थांबत नाही. ती तीन किलोमीटरवर निघाली तर जेमतेम दोन मिनिटं वाचली, पाच मिनिटांचा दंड बसायचा तो बसलाच. आणि त्या दोन मिनिटांसाठी काय मोजलं? धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद धरला, तर तेवढ्यात 36 च्या वेगात गाडी 10 मीटर जाते, 60 च्या वेगात जवळजवळ 17. त्यापुढं ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून ते पावणेतीन पट होतं. हे कोरड्या, स्वच्छ रस्त्यावरचं. सोयाबीनचं काड, मका, तूर, शेणामातीचा चिखल असेल तर हिशेबच सोडा.

म्हणून घरून निघण्याआधीच चमूत ठरवून टाका की वाट चुकली तर गाडी बाजूला घ्यायची, खात्री असलेल्या शेवटच्या चित्रापर्यंत परत जायचं, तिथून ठरलेल्याच वेगानं निघायचं आणि त्या चौकीचा दंड मुकाट्यानं घ्यायचा. काही रॅलींत प्रत्येक चौकीपासून हिशेब नव्यानं सुरू होतो, काहींत मूळ वेळच पुढं चालते. काही ठिकाणी एका चौकीवर जास्तीत जास्त किती दंड लागेल याला मर्यादा असते. हे सगळं नियमपत्रात असतं. ते आदल्या रात्री तिघांनी मिळून मोठ्यानं वाचा. एका चौकीनं रॅली संपत नाही हे ज्याला आधीच ठाऊक असतं, त्याचा पाय जड होत नाही.

मागं बसणाऱ्यासाठीही एक नियम करा. "किती मागं" हा आकडा त्यानं फक्त नॅव्हिगेटरला सांगायचा, चालकाला नाही. चालकाला दोनच गोष्टी कळायला हव्यात, पुढचं वळण किती अंतरावर आहे आणि आत्ता किती वेग हवा. आमच्या गाडीत हा नियम नंतर केला आणि गाडीतला आवाजच बदलला.

अंतर मोजणं हा या खेळाचा कणा आहे. तुमच्या गाडीचं मीटर आणि संयोजकांचं मीटर कधीच तंतोतंत जुळत नाही. टायर झिजलेला असेल किंवा हवा कमी असेल तर चाकाचा घेर कमी भरतो आणि मीटर जास्त अंतर दाखवतं. सुरुवातीला मोजलेला पट्टा देतात, तो मीटर पडताळून पाहण्यासाठी असतो, चहा पीत काढण्यासाठी नसतो. खरे 10 किलोमीटर झाले आणि तुमचं मीटर 10.3 दाखवत असेल, तर 60 किलोमीटरला तुम्ही 1.8 किलोमीटरनं चुकलेले असाल. 36 च्या वेगात याचे 180 सेकंद होतात, आणि वाट एकदाही न चुकता. घरी सराव करायचा तर देऊळघाट ते धाड रस्त्यावर किलोमीटरचे दगड बघत करा. दगड शाबूत असलेला सरळ पट्टा निवडा, पहाटे वाहतूक नसताना, आणि टायरमध्ये तीच हवा ठेवा जी रॅलीच्या दिवशी ठेवणार आहात.

नॅव्हिगेटरचा शब्द चालकाच्या डोळ्यांपेक्षा वरचढ का मानायचा, हे मला अंध नॅव्हिगेटरांच्या रॅलींबद्दल विचार करताना सर्वांत नीट उमगलं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अशा रॅली होतात. रोडबुक ब्रेलमध्ये असतं. दृष्टिहीन व्यक्ती बोटांनी ते वाचून वळणं सांगते आणि डोळस चालक त्याप्रमाणे गाडी चालवतो. त्या गाडीत चालक म्हणू शकत नाही की "मला देऊळ दिसलं, वळतो". रोडबुक त्याला वाचताच येत नाही, मग ऐकण्यावाचून इलाज काय? डोळे असणाऱ्याला वाट माहीत असतेच असं नाही, हे ती रॅली रस्त्यावर सिद्ध करून दाखवते. तुमचा नॅव्हिगेटर "अजून साडेचारशे मीटर" म्हणाला की देवळं कितीही दिसोत, गाडी सरळ जाऊ द्या.

घरातल्या बायकांना मी आवर्जून सांगते की हा खेळ आपलाही आहे. 1919 साली स्थापन झालेली मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन महिलांसाठी आंबी व्हॅलीपर्यंत रॅली घेते, आणि सजवलेल्या गाड्यांतून मैत्रिणी, सासवा-सुना त्यात उतरतात. ज्या बाईनं घरखर्चाचा महिना बसवला आहे, तिला सेकंदांचा मेळ बसवणं जड जाणार नाही. फक्त चालत्या गाडीत खाली मान घालून वाचलं की मळमळतं, त्याची सवय आधी करावी लागते. राजूरच्या घाटात दुसऱ्याला चालवायला सांगून शेजारी बसून वाचत जा, म्हणजे तुमची मर्यादा कळेल. सकाळी तेलकट टाळा, आलेपाकाची वडी जवळ ठेवा.

आता कागदांचं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 189 प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे. टीएसडी ही शर्यत नाही, ती ठरवून दिलेल्या मर्यादित वेगात चालते. पण तुम्ही मर्यादा ओलांडून "वेळ भरून काढू" लागलात की कायद्यासमोर तुम्ही बेदरकार चालकच असता, गाडीवर चिकटवलेला क्रमांक तुम्हाला वाचवत नाही. आणि घरातली विम्याची पॉलिसी काढून "वापराच्या मर्यादा" हा भाग वाचा. खासगी गाडीच्या सर्वसाधारण पॉलिसीत संघटित शर्यत, वेग चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेल्या असतात. इंडियन मोटर टॅरिफमध्ये रिलायबिलिटी ट्रायल आणि रॅलीसाठी 31 क्रमांकाचं वेगळं एंडोर्समेंट आहे. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, लागेल तो जादा हप्ता भरा, आणि उत्तर कागदावर घ्या. तोंडी "हो, चालतंय" यावर कर्ज काढून घेतलेली गाडी रस्त्यावर उतरवू नका.

शेवटचं, परतीबद्दल. निकाल लागेपर्यंत संध्याकाळ होते. दिवसभर सेकंद मोजलेलं डोकं आणि पाय दोन्ही थकलेले असतात, पण ते उत्साहात कळत नाही. तुम्ही खामगावकडून येणार असाल तर बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, तिथं बिबट्या आणि अस्वल आहेत, आणि अंधारात ते रस्ता ओलांडतात. शक्य असेल तर तिकडंच मुक्काम करा आणि सकाळी निघा. निघायचंच असेल तर ज्यानं दिवसा गाडी चालवली नाही त्याच्या हाती स्टिअरिंग द्या, आणि 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मागं बसलेल्या पोरालाही पाठ असू द्या.