विषाद : खचलेल्या मनाचा शब्द



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ४७

बाबा गेले त्यानंतरच्या दिवसांत मी गीता उघडायचे आणि पहिला अध्याय सोडून थेट दुसऱ्यावर जायचे. रडणाऱ्या अर्जुनाकडून काय शिकायचं, असं वाटायचं. मग एकदा अध्यायाच्या नावापाशीच अडखळले : अर्जुनविषादयोग. विषाद, आणि तोही योग?

शब्द उघडून बघूया. ‘वि’ उपसर्ग आणि ‘सद्’ धातू. सद् म्हणजे बसणं, खाली खचणं. इकारामुळे ‘स’चा ‘ष’ झाला आणि ‘विषाद’ तयार झाला. पावसात भिंत खचते ना, तसं मन खचणं. २९व्या श्लोकात अर्जुन आपल्या अवयवांबद्दल ‘सीदन्ति’ म्हणतो, तेही याच धातूचं रूप. आपण म्हणतो, हातपाय गळाले. अध्यायाच्या शेवटी तो धनुष्यबाण टाकून रथात बसूनच घेतो.

आता गंमत बघा. विषण्ण आणि प्रसन्न, दोन्ही शब्द याच ‘सद्’पासून आलेत. प्रसाद हाही त्याचाच. गढूळ पाणी स्थिर झालं, गाळ खाली बसला की ते प्रसन्न होतं. म्हणजे बसणं दोन्हीकडे आहे. मग फरक कुठे पडतो?

मधला शब्द आहे उपनिषद. उप-नि-सद्, म्हणजे जवळ जाऊन बसणं. गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या समाप्तीला तिला उपनिषदच म्हटलंय. अर्जुन खचला, पण कृष्णाजवळ खचला. काही लपवलं नाही, आणि दुसऱ्या अध्यायात ‘मी तुझा शिष्य’ म्हणाला. म्हणून तो विषाद योग झाला. अठराव्या अध्यायात (१८.७३) तोच अर्जुन सांगतो, तुझ्या प्रसादाने माझा मोह गेला.

पण गीता दुःखाचं कौतुक करत नाही हं. १८.३५ मध्ये विषाद घट्ट धरून ठेवणाऱ्या वृत्तीला तामसी म्हटलंय. खचण्यात पाप नाही. तिथेच एकट्याने बसून राहू नये, एवढंच.

मी तेव्हा एकटीच बसले होते. आईशी बोलले ते फार उशिरा.

आजचा अभ्यास : मन खचलं असेल तर आज एका माणसाजवळ जाऊन बसा. मित्र, आई, गुरू, आणि खूप दिवस असंच चाललं असेल तर डॉक्टरसुद्धा. मग देवासमोर बसा, आणि जे आहे ते तसंच सांगा.

हे कृष्णा, मी खचले तर तुझ्याजवळ खचू दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥