सोबत करणाऱ्याला सोबत कोणाची?

प्रश्न : दर शनिवारी मी एका संस्थेतर्फे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे जाते. गप्पा, औषधं आणणं, कधी दवाखान्यात सोबत. त्यांतले एक आजोबा नुकतेच वारले. तेव्हापासून शनिवारी घराबाहेर पाय निघत नाही. ना पगार, ना सक्ती. मग हा थकवा कसला?
– एक वाचक, राजाजीनगर, बेंगळुरू

उत्तर : हा थकवा खरा आहे आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. अशा थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. हा शब्द आज आयटीवाल्यांच्या तोंडी असतो. पण 1974 साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने त्यावर लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात मन लावून राबणाऱ्यांकडे पाहून. तिथे तो स्वतःही राबत होता. जीव ओतणारीच माणसं आधी थकतात, हे त्याला दिसलं.

तुमच्या बाबतीत त्यात दुःखाची भर पडली आहे. आजोबांच्या घरच्यांना सुतक असतं, तेरा दिवस लोक भेटायला येतात. तुमच्याकडे कोण येणार? तुम्ही नात्यातल्या नाही, पण त्यांचे शेवटचे कित्येक शनिवार तुमच्याबरोबर गेले. समाज ज्याची दखल घेत नाही, अशा दुःखाचा विचार अमेरिकेतल्या केनेथ डोका यांनी 1989 मध्ये मांडला. मुलं परदेशी आणि आईवडील इथल्या फ्लॅटमध्ये, अशी घरं बेंगळुरूत कितीतरी आहेत. तिथे जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या वाट्याला हे दुःख येणारच.

म्हणून ही जबाबदारी संस्थेची आहे, असं मला ठामपणे वाटतं. एका ज्येष्ठामागे दोन स्वयंसेवक हवेत, म्हणजे एकीला सुट्टी घेताना अपराधी वाटत नाही. भेटीनंतर मन मोकळं करायला अनुभवी माणूस हवा. कुणी गेलं, तर स्वयंसेवकांनी एकत्र बसून त्यांच्या आठवणी काढाव्यात आणि लगेच नवं घर कुणाच्या गळ्यात घालू नये.

मर्यादाही आखाव्या लागतात. रात्री-अपरात्री येणारे फोन, पैशांचे व्यवहार, सुना-मुलांची भांडणं हे तुमचं काम नव्हे. छळाची शंका आली, तर तो भार एकटीने वाहू नका. आधी समन्वयकांना सांगा. बेंगळुरू पोलीस आणि नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट यांची ज्येष्ठांसाठीची 1090 ही हेल्पलाइन त्यासाठीच आहे. देशभरासाठी 14567 आहे.

झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर 14416 वर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. ऑक्टोबर 2022 मध्ये ही मोफत सेवा तुमच्याच शहरातल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतून सुरू झाली.

सध्या महिनाभर थांबा. मात्र उरलेल्या आजी-आजोबांना तसं स्वतः सांगा. न सांगता येणं थांबवलं, तर ती वाट पाहत राहतात. समन्वयकांशी या आठवड्यातच बोला. त्यांनी ऐकलं नाही, तर संस्था बदला, पण हे काम सोडू नका.